लहान सिलिंडर भरून का मिळत नाही? : घरगुती गॅसची हकीकत



आपल्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम, देवस्थानांची माहिती असे लेख येतात व ते आपण आवडीने वाचतो. यंदा चिटणीसबाईंनी मला लिहावयास सांगितले तेव्हा मी स्वयंपाकघरातलाच विषय घेतला; परंतु तो ओट्यावरचा नसून ओट्याखालचा आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा यात विद्वत्ता शोधू नये. वाचनालयात जे वाचावयास मिळाले, गॅस एजन्सीच्या माणसांना विचारून जे कळले आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून जे ऐकले ते जुळवून येथे मांडले आहे.

आमच्या कोपरखैरण्याच्या गावठाणात खोल्याखोल्यांतून भाडेकरू राहतात. कोणी बाजारात मालाची चढउतार करणारे, कोणी एमआयडीसीतल्या कारखान्यात, कोणी इमारतीच्या कामावर. त्यांच्या घरी आपल्यासारखा मोठा सिलिंडर क्वचितच दिसतो. तेथे असतो तो छोटा गॅस. म्हणजे हातात उचलता येईल अशी टाकी आणि तिच्याच डोक्यावर बसविलेली शेगडी. शेगडीदुरुस्तीच्या दुकानात एक किलो, दोन किलो असा गॅस तीत भरून आणायचा. हल्ली या भगिनींकडून एकच तक्रार ऐकू येते, "ताई, गॅस भरून मिळत नाही हो!" कधी दुकानदार भरावयाला नकार देतो, तर कधी तो भरू लागला तरी टाकीत गॅस जात नाही. या दोन्ही गोष्टींचे कारण समजून घ्यावयाचे तर गॅस आपल्या घरात कसा आला, येथून आरंभ केला पाहिजे.

मुंबईला गॅस नवा नाही. सिलिंडर येण्याच्या पुष्कळ आधी, १८६५ साली, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना लालबागला होता व तेथून जमिनीखालच्या नळांनी गॅस जाई. पुढे रस्त्यांवर विजेचे दिवे आले, तरी मुंबईतील काही घरांच्या स्वयंपाकघरांत हा नळाचा गॅस कितीतरी वर्षे होता. मात्र जेथे नळ, तेथेच गॅस. चाळीतल्या बाईला त्याचा काही उपयोग नव्हता. तिच्या नशिबी चूल, कोळशाची शेगडी आणि मग रॉकेलचा स्टोव्ह. स्टोव्हला पंप मारावा, पिन घालावी, रेशनच्या दुकानापुढे निळे रॉकेल घेण्यासाठी डबा घेऊन उभे राहावे, हे आपल्यातल्या पुष्कळजणींनी केले आहे.

सिलिंडरातला गॅस ही निराळी वस्तू आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफेचा तपास करीत होते. त्या वाफेत प्रोपेन व ब्युटेन हे वायू आहेत असे त्यांना आढळले. हे वायू दाबाखाली ठेवले की पाण्यासारखे पातळ होतात आणि दाब काढला की पुन्हा वायू होतात. एक लिटर पातळ गॅसचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. १९१३ साली स्नेलिंग यांना त्याचे पेटंट मिळाले. नळ न घालता गॅस घरोघर नेण्याची वाट यातूनच निघाली. लोखंडी टाकीत पातळ करून भरला की तो गाडीवरून कोठेही नेता येतो.

आपल्याकडे हा गॅस तुर्भ्याच्या खाडीपलीकडून आला, म्हणजे ट्रॉम्ब्याहून. १९५४ साली तेथे स्टॅनव्हॅक कंपनीचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना निघाला व १९५५ साली शेजारीच माहुल येथे बर्मा-शेलचा. कच्चे तेल शुद्ध करताना हा वायू आपोआप निघतो. बर्मा-शेलने १९५५ च्या सुमारास तो सिलिंडरांत भरून मुंबईत विकावयास आरंभ केला व त्याला 'बर्शेन' हे नाव दिले. माझ्या सासूबाई गिरगावातल्या. त्या सांगत की चाळीत पहिला बर्शेन आला तेव्हा बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून बायका तो पाहावयास गेल्या होत्या. धूर नाही, काजळी नाही, भांडे काळे होत नाही, याचेच सर्वांना नवल! पण भीतीही तेवढीच होती. कित्येक घरी सासऱ्यांनी 'घरात बाँब नको' म्हणून साफ नकार दिला, असे त्या हसून सांगत. पुढे इंडियन ऑइल कंपनीने 'इंडेन' काढला. त्याचे पहिले गिऱ्हाईक २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कलकत्त्याला झाले. 'कोसानगॅस' हे नावही मुंबईकरांच्या ओळखीचे होते.

त्यानंतर सरकारने परदेशी तेलकंपन्या आपल्या हाती घेतल्या. १९७४ साली हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. बर्मा-शेल १९७६ साली सरकारकडे आली व १९७७ मध्ये तिचे नाव भारत पेट्रोलियम झाले. बर्शेनचे भारतगॅस झाले. कोसानगॅसचा कारभार १९७९ साली सरकारने घेतला व तो हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला.

आता आपल्या नव्या मुंबईची गोष्ट. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील गावांच्या जमिनींवर नवे शहर उठू लागले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. याच सुमारास, १९७४ साली, समुद्रात 'सागर सम्राट' जहाजाने बॉम्बे हाय येथे तेल शोधून काढले व १९७६ मध्ये ते निघू लागले. समुद्रातले तेल व वायू तळाच्या नळांनी उरणला येतात. तेथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या कारखान्यात स्वयंपाकाचा गॅस निराळा काढला जातो. सिलिंडर भरण्याचा भारत पेट्रोलियमचा कारखानाही उरणला आहे. म्हणजे पाहा, गॅस आपल्या अंगणात येऊन पोचला. आणि तरी आपल्याच गावठाणात खोली घेऊन राहणाऱ्या बाईला तो मिळाला नाही!

असे का झाले? एक तर गॅस अपुरा होता. आपल्या आईच्या पिढीने गॅससाठी वर्षानुवर्षे नंबर लावला आहे. खासदारांच्या वाट्याला जोडणीची कूपने असत व त्यासाठी लोक त्यांच्या दारी खेटे घालीत. लग्नाच्या बैठकीत 'मुलाकडे गॅस आहे' हे अभिमानाने सांगितले जाई. पुढे गॅस मुबलक झाला, वाट पाहणे संपले. तरी एक अडचण राहिलीच. मोठा सिलिंडर हा पत्ता असलेल्या कुटुंबासाठी आहे. राहत्या जागेचा पुरावा द्यावा, अनामत भरावी, मग पुस्तक मिळते. भाडेकरूला घरमालक करारनामा करून देत नाही, अकरा महिन्यांनी खोली बदलावी लागते, नाव गावाकडच्या रेशनकार्डावर असते. शिवाय हातावर पोट असणाऱ्याला चौदा किलो गॅसचे पैसे एकदम काढणे जड जाते. रॉकेल बाटलीने मिळे तोवर त्याचे भागत असे. रॉकेल दिसेनासे झाले तेव्हा किलोकिलोने गॅस भरून देणारे दुकान हाच त्याला आधार झाला. म्हणून या भगिनींना नावे ठेवण्याआधी त्यांची अडचण आपण ध्यानात घ्यावी.

आता त्या दुकानात काय होते ते पाहू. घरगुती सिलिंडरातला गॅस नळीने लहान टाकीत सोडतात. दोन कळशा खाली नळीने जोडल्या तर भरलेलीतले पाणी रिकामीत जाते, पण दोन्हींची पातळी सारखी झाली की थांबते. गॅसच्या दाबाचेही असेच आहे. दोन टाक्यांतला दाब सारखा झाला की वाहणे बंद. त्यातून मोठा सिलिंडर उभा असेल तर त्याच्या तोंडातून वरची वाफ तेवढी येते. पातळ गॅस तळाशीच राहतो. लहान टाकी 'भरत नाही' ती यामुळे. मग दुकानदार नाना खटपटी करतात. त्या मी येथे लिहीत नाही, कारण त्या शिकण्यासारख्या नाहीत. त्या खटपटीत गॅस बाहेर सुटतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने वर उडून जात नाही. जमिनीवर पसरतो, उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत जातो आणि तेथल्या देवापुढच्या निरांजनावर किंवा फ्रिजच्या बटणाच्या ठिणगीवर पेटतो. या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. तेव्हा तो वास ही सूचना आहे हे लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

दुसरा धोका त्याहून मोठा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पातळ गॅस उन्हाने फुगतो, पाण्यापेक्षा कितीतरी अधिक. म्हणून टाकी कधीही काठोकाठ भरावयाची नसते. आपल्या घरच्या सिलिंडरात पाणी भरले तर ते ३३ लिटरांहून थोडे अधिक मावेल. पण गॅस घालतात १४.२ किलो, म्हणजे पातळ स्थितीत साधारण २६ लिटर. वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. लोणच्याच्या बरणीत आपण वर बोटभर जागा ठेवतो, तसेच हे समजावे. भरण्याच्या कारखान्यात सिलिंडर काट्यावर ठेवून, रिकाम्याचे वजन वजा करून, नेमका तेवढाच गॅस घालतात. मग तोंडाशी आणि अंगाशी गळती तपासतात. दुकानात अंदाजाने भरलेल्या टाकीत ती जागा राहिली की नाही हे कोण सांगणार? काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत अशीच एक भरून आणलेली टाकी दुपारी उन्हात गॅलरीत राहिली. संध्याकाळी शेगडी पेटविताच तोंडाशी भडका झाला आणि त्या भगिनीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीव वाचला, पण तीन महिने तिला पोळी लाटता आली नाही व धुण्याभांड्याची कामेही सुटली. असे प्रसंग वर्तमानपत्रांतून आपण वरचेवर वाचतो.

तिसरी गोष्ट टाकीच्या पत्र्याची. कंपनीच्या सिलिंडरावर, हाताला धरावयाच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूस, एक अक्षर व दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर व डी म्हणजे डिसेंबरअखेर. 'सी २८' असे असेल तर सप्टेंबर २०२८ पर्यंत तो चालेल. त्यानंतर पाण्याचा दाब देऊन त्याची परीक्षा झाल्याशिवाय कारखान्यात तो भरीत नाहीत. दुकानातून घेतलेल्या छोट्या टाकीची अशी परीक्षा कोण घेतो?

या सर्वांसाठी कायदा आहे. १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखाली गॅसच्या सिलिंडरांचे पहिले नियम १९४० साली झाले. सध्या २०१६ चे नियम आहेत. त्यांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची कचेरी आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. २००० साली निघालेल्या गॅसपुरवठ्याच्या हुकुमानेही एका सिलिंडरातून दुसऱ्यात गॅस भरणे हा गुन्हा ठरविला आहे. दुकानदार हल्ली नकार देतात ते या धाकाने. आणि भगिनींनो, यात आपलाही संबंध आहे. त्या दुकानात येणारा गॅस कोणाच्या तरी घरगुती सिलिंडरातलाच असतो. तो आपल्या सिलिंडरातूनही काढलेला असू शकेल. म्हणून सिलिंडर दारात आला की वजन करून मागावे. तो आपला हक्क आहे. रिकाम्या सिलिंडराचे वजन पट्टीवर किलोत लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवावे व काट्याशी ताडून पाहावे. एवढी बेरीज आपल्या सर्वजणींना येते.

ही कडक शिस्त आपल्याच देशात आहे असे समजू नये. अमेरिकेत अंगणात मांस भाजण्याच्या शेगडीला प्रोपेनची लहान टाकी लावतात. तेथे १९९८ पासून नव्या टाक्यांत एक तरंगता गोळा बसवावा लागतो. गॅस सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत आला की तो गोळा तोंड बंद करतो, आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा. असा गोळा नसलेल्या जुन्या टाक्या १ एप्रिल २००२ नंतर तेथे भरून मिळेनाशा झाल्या. चांगल्या दिसणाऱ्या टाक्या घेऊन गेलेले लोक रिकाम्या हाती परत आले. तात्पर्य, लहान टाकी भरत नाही ही तक्रार श्रीमंत देशातल्या गृहिणीलाही सुटली नाही. आणि तेथेही कारण तेच, फुगण्याला जागा हवी.

मग लहान कुटुंबाने करावे काय? याचे उत्तर आपल्याकडे फार उशिरा आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारने पाच किलोचा सिलिंडर खुल्या विक्रीस काढला. आरंभी तो दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व बंगळूर या पाच शहरांत कंपन्यांच्या पेट्रोलपंपांवर मिळे. पुढे एजन्सीत व काही किराणा दुकानांतही मिळू लागला. २०२० च्या अखेरीस इंडियन ऑइलने आपल्या अशा सिलिंडराचे नाव 'छोटू' ठेवले. यासाठी राहत्या जागेचा पुरावा लागत नाही; आधारकार्डासारखे ओळखपत्र दाखवावे व सिलिंडर विकत घ्यावा. १९५५ च्या सुमारास बर्शेन आला आणि २०१३ ला हा आला. पत्ता नसलेल्या चुलीपर्यंत रीतसर गॅस पोचावयास जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे लागली!

तो संपला की भरून घ्यावयाचा नसतो, बदलून घ्यावयाचा असतो. रिकामा द्यावा, कारखान्यात भरून मोहोर लावलेला घ्यावा. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली की अर्ध्या तक्रारी मिटतात. कित्येकजणी पाच किलोचा सिलिंडरही सवयीने शेगडीच्या दुकानात भरावयास नेतात व 'हाही भरत नाही' म्हणतात. घेतलेल्या कंपनीच्याच विक्रेत्याकडे जावे, खरेदीची पावती जपून ठेवावी, मोहोर व तोंडातले रबरी वायसर जागेवर आहे ना ते पाहावे, अक्षर व आकडे वाचून मगच घरी आणावा. आणल्यावर उभाच ठेवावा, कधी आडवा करू नये.

खरे ते सांगितले पाहिजे. हा पाच किलोचा गॅस घरगुती दरापेक्षा किलोमागे महाग पडतो आणि पहिल्या वेळी सिलिंडर व रेग्युलेटरचे पैसे एकदम द्यावे लागतात. रोजंदारीच्या घराला ते सोपे नाही. ज्या गरीब घरात कोणाच्याच नावे जोडणी नाही तेथील स्त्रीसाठी १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना निघाली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा कामासाठी परगावी आलेल्या कुटुंबांना रेशनकार्ड व पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःच्या सहीचे निवेदन चालेल असे ठरले. योजनांचे नियम व मंजुऱ्या मधूनमधून बदलतात. म्हणून अर्जापूर्वी एजन्सीत जाऊन विचारावे.

येथे आपल्या मंडळाला करण्यासारखे काम आहे. आपली भिशी आहे, हळदीकुंकवाला भांडी वाटण्याचा खर्च आहे. त्यातून दोनचार भाडेकरू भगिनींना पहिल्या पाच किलोच्या सिलिंडरासाठी बिनव्याजी रक्कम देता येईल व त्यांनी ती महिन्यामहिन्याने फेडावी. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांच्याबरोबर आपल्यापैकी एकीने एजन्सीत जावे. ज्यांच्या घरी खोल्या भाड्याने दिल्या आहेत अशा आपल्या सभासद भगिनींना माझी हात जोडून विनंती की भाडेकरूला करारनामा करून द्यावा. त्या एका कागदावाचून तिची चूल धोक्यात राहते, आणि तिची भिंत व आपली भिंत एकच असते.

गॅसचा वास आला तर बटण दाबू नये, काडी ओढू नये, दारेखिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकाला फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो. हा आकडा ओट्याजवळच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.

पुढील वर्धापनदिनापर्यंत आपल्या गल्लीतून दुकानी भरलेल्या छोट्या टाक्या नाहीशा व्हाव्यात, एवढी इच्छा व्यक्त करून मी हा लेख पुरा करते.